दोष सवयीचा नाही

गेल्या महिन्यात बँकेच्या रांगेत माझ्या पुढे ऐंशीच्या घरातल्या एक बाई उभ्या होत्या. प्लास्टिकच्या पिशवीत जपून गुंडाळलेलं पासबुक त्यांनी काढलं, खिडकीतून आत सरकवलं आणि म्हणाल्या, "एवढी एंट्री मारून दे रे बाळा." आतल्या तरुण कर्मचाऱ्याने पासबुक न उघडताच परत केलं. "आजी, आता सगळं मोबाईलवर दिसतं. पासबुक कशाला हवं?" बाई काही न बोलता बाजूला झाल्या. मग तो मला म्हणाला, "काय करणार काका, या लोकांना बदल नकोच असतो."

त्या तरुणाचा मला राग नाही. त्याने एक शिकवलेलं वाक्य म्हटलं. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गात, शाळेच्या पालकसभेत, कारखान्यात, सोसायटीच्या वार्षिक सभेत हेच वाक्य सिद्धांत म्हणून सांगितलं जातं. माणूस सवयीचा गुलाम, त्याला ओळखीचं तेच बरं वाटतं, म्हणून चांगल्या योजना बुडतात, असा त्याचा विस्तार. या सिद्धांतात अर्धं सत्य आहे. पण त्या अर्ध्या सत्याच्या आधारावर दोषी मात्र भलत्यालाच ठरवलं जातं. म्हणून तो खोडून काढायला हवा.

पुरावा म्हणून त्या बाईंच्या पिढीकडेच पाहा. आज ऐंशीच्या आसपास असलेली मराठी बाई आणे-पैचा हिशेब शिकली आणि लहानपणीच तिने तो पैशांत बदलला. शेर-छटाक सोडून ती किलो-ग्रॅमवर आली. चुलीवरून रॉकेलच्या स्टोव्हवर आणि स्टोव्हवरून गॅसवर आली. पाट्या-वरवंट्याचं काम तिने मिक्सरकडे दिलं. पोस्टकार्डावर ख्यालीखुशाली कळवणारी ही बाई आज नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलते. एका आयुष्यात इतकं बदललेल्या माणसाला 'तुम्हाला बदल नको' असं सांगणं उघड उघड खोटं आहे. तिला नकोसं झालं ते एवढंच, की हातातला लेखी पुरावा सोडायचा आणि त्याच्या बदल्यात तिला वाचता न येणारी, दुसऱ्याच्या मदतीशिवाय न उघडणारी गोष्ट घ्यायची. हा व्यवहार तिने तोलला आणि नाकारला. तिच्या जागी मी असतो तर मीही नाकारला असता.

आता त्या अर्ध्या सत्याकडे येऊ. ओळखीचं आवडतं, हे खरंच आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ साली याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना अर्थहीन शब्द, चिनी लिपीसारखी चिन्हं, अनोळखी चेहरे दाखवले. जे जास्त वेळा दिसलं, तेच लोकांना जास्त बरं वाटलं. पुढे १९८८ मध्ये सॅम्युएलसन आणि झेकहाउझर या अर्थतज्ज्ञांनी दाखवलं की पर्याय तेच ठेवले, पण त्यातल्या एकावर 'सध्या चालू आहे' असा शिक्का असला, की लोक त्याच्याकडे अधिक झुकतात. कानेमान आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की मिळण्याच्या आनंदापेक्षा तेवढंच गमावण्याचं दुःख माणसाला मोठं वाटतं.

हे सगळं मान्य. पण यातून 'लोक अडवतात' हा निष्कर्ष कसा निघतो? हा कल माणूसजातीचा आहे. खिडकीच्या बाहेर उभ्या असलेल्यांना तो जसा आहे, तसाच आत बसलेल्यांनाही आहे. सगळी माहिती संगणकात असताना तीच कागदपत्रं पुन्हा तीन प्रतींत मागणारं कार्यालय जुन्यालाच चिकटलेलं असतं. त्याला मात्र आपण 'कार्यपद्धती' म्हणतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, झायन्स यांच्या प्रयोगात त्या चिन्हांची आवड कुणी जन्मतः घेऊन आलं नव्हतं. ती पुन्हा पुन्हा भेटली, त्या भेटीत काही अपाय झाला नाही, म्हणून आवडू लागली. म्हणजे ओळख तयार करता येते. नवं अनोळखी राहिलं असेल तर ती ओळख करून देण्याचं काम कुणीतरी केलेलं नाही. ते काम कुणाचं होतं, हा खरा प्रश्न आहे.

ओळखीच्या गोष्टीत माणसाची कमाईही गुंतलेली असते, हे बदलाचे पुरस्कर्ते विसरतात. आपल्या जुन्या शाळांमध्ये मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. हे अपूर्णांकांचे पाढे हौसेसाठी नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे सोळा छटाक, मणाचे चाळीस शेर, अशा जगात ते रोजचं हत्यार होतं. सोळाचे अर्धे, पाव, अर्धपाव करत गेलं तर एकापर्यंत अपूर्णांक आडवा येत नाही. अक्षरओळख नसलेला माणूसही बाजारात या अर्ध्या-पावाच्या हिशेबावर फसवणूक टाळू शकत असे. दशमान पद्धत आली तेव्हा ही सगळी तयारी मोडीत निघणार होती. म्हातारा वाणी आणि बाजारात भाजी विकणारी बाई, दोघं एका दिवसात पहिलीच्या वर्गात जाऊन बसणार होते. अशा माणसाने कुरकुर केली तर तो अडाणी ठरत नाही. आपलं काय जाणार आहे, ते त्याला नेमकं कळलेलं असतं.

आणि तरीही तो बदल झाला. आपल्या देशाने केलेल्या बदलांत तो सर्वांत व्यापक बदलांपैकी एक होता. म्हणून तो कसा झाला ते बारकाईने पाहिलं पाहिजे.

१९५५ साली नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि अंमलबजावणीची तारीख ठरली १ एप्रिल १९५७. मधला काळ तयारीचा होता. बदल करताना रुपयाला हात लावला नाही. त्याचं नाव तेच राहिलं, किंमतही तीच राहिली. पगार, कर्ज, ठेवी, जमिनीचा भाव या मोठ्या गोष्टी ज्या एककात मोजल्या जात, ते एकक लोकांच्या पायाखाली घट्ट राहिलं. बदल झाला तो रुपयाच्या पोटातल्या मोडीत. चौसष्ट पैशांच्या जागी शंभर आले. जुना आणि नवा यांची गल्लत होऊ नये म्हणून नव्या नाण्याला 'नवा पैसा' हे नाव दिलं आणि ते सात वर्षं ठेवलं. १ जून १९६४ रोजी 'नवा' हा शब्द गळला, कारण तोपर्यंत तो पैसा नवा राहिलाच नव्हता. एक नवा पैसा गोल, पाचाचा चौकोनी, दहाचा कंगोरेदार, त्यामुळे बोटांनाही नाणं कळत होतं. आणि त्या लहानशा तांब्याच्या रंगाच्या नाण्यावर हिंदीत कोरलं होतं, 'रुपये का सौवाँ भाग'. नाणंच आपला अर्थ सांगत होतं.

जुनी नाणी त्या दिवशी रद्द झाली नाहीत. ती नव्यांच्या सोबत बाजारात फिरत राहिली आणि दोन्हींचा मेळ घालणारी कोष्टकं छापली गेली. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास नवे पैसे, हे सरळ होतं. अडचण त्याखालच्या रकमांची होती. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, ते कोष्टकात सहा धरले. दोन आण्यांचे साडेबारा, ते बारा. तीन आण्यांचे पावणेएकोणीस, ते एकोणीस. या पाव-अर्ध्या पैशांच्या उलाढालीत कधी गिऱ्हाइकाला चाट बसे, कधी दुकानदाराला, आणि चिमूटभर माल रोज विकत घेणाऱ्या गरिबाला ते अधिक बोचे. तो बदल निर्दोष नव्हता. पण त्यातला त्रास आधी ओळखलेला होता, छापील कोष्टकात मांडलेला होता, आणि पावली-अधेलीसारखी ओळखीची ठिकाणं वाटेत आधारासाठी उभी होती.

वजनमापांचंही तसंच झालं. १९५६ मध्ये कायदा झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत सुरुवात झाली आणि साठच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत मेट्रिक मापं सक्तीची झाली. त्याआधी शेर गावागावाला वेगळा होता. ८० तोळ्यांच्या शेराचे सुमारे ९३३ ग्रॅम होतात, पण आपल्या बाजारातला शेर तेवढाच आहे की नाही, याची खात्री परगावच्या माणसाला नसे. सगळीकडे सारखा किलो आल्यामुळे सर्वांत जास्त फायदा मापात फसणाऱ्याचा झाला, आणि हा फायदा त्याला पहिल्याच खरेदीत हातात दिसला.

गंमत म्हणून नव्हे, तर धडा म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवू. जुने शब्द कुणी पुसायला गेलं नाही. भाजीवाली आजही 'पावशेर' म्हणते आणि अडीचशे ग्रॅम तोलते. सराफाकडे 'तोळा' म्हणून दहा ग्रॅम सोनं मागितलं जातं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं असतं आणि बांधावर शेतकरी एकर-गुंठ्यांत बोलतो. पिकाच्या अंदाजाला सरकार 'पैसेवारी' म्हणतं, गाव अजून 'आणेवारी' म्हणतं. यामुळे व्यवहार अडला नाही. माप बदललं, जीभ आपल्या वेळेने बदलली किंवा नाही बदलली. बदल यशस्वी व्हायला जुन्याची आठवणसुद्धा मारावी लागते, ही समजूत यातून खोटी ठरते.

आता याच्या समोर फसलेला बदल ठेवू. ऐंशीच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. धुराने बायकांचे डोळे आणि फुप्फुसं जातात, लाकूड वाया जातं, हे दुखणं खरं होतं. २००२ मध्ये केंद्राने कार्यक्रम थांबवला तोवर देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याचा हिशेब झाला होता. पण अनेक गावांत त्या चुली काही महिन्यांत बंद पडल्या किंवा फोडल्या गेल्या. कारण विचारलं की तेच ठेवणीतलं उत्तर: बायकांना बदल नको.

स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं असतं तर वेगळं उत्तर मिळालं असतं. आपल्याकडे भाकरी तव्यावर भाजतात आणि मग चुलीच्या तोंडाशी, आरावर शेकून फुगवतात. ज्या चुलीचं तोंड अरुंद, जिच्यात आर पुढे ओढता येत नाही, तिच्यावर भाकरी होते, पण फुगत नाही. अरुंद तोंडासाठी लाकूड बारीक फोडावं लागतं, आणि ते फोडण्याची मेहनत बाईच्याच वाट्याला येते. घरातलं मोठं पातेलं तिच्या ठरावीक भोकावर बसत नाही. धुराडं काजळीने तुंबलं की साफ कुणी करायचं? छपरातून काढलेल्या धुराड्याच्या कडेने पावसाळ्यात पाणी गळू लागलं तर दुरुस्ती कोण करणार? चुलीची संख्या मोजणारे होते, तिच्यावरची भाकरी बघणारे कमी होते. त्या बायकांनी चूल वापरून पाहिली, तुलना केली आणि जिच्यावर घर जेवतं ती ठेवली. पुढे गॅस परवडला त्या घरांत त्याच बायकांनी तो आनंदाने घेतला. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅस घरात आला तरी जिथे चूल पेटत राहिली, तिथे अडसर मोठ्या प्रमाणात सिलिंडर पुन्हा भरून आणण्याच्या पैशांचा होता. पैशांच्या अडचणीला 'सवय' म्हणणं हा अन्याय आहे.

तिसरं उदाहरण आपल्याच घरातलं आणि अलीकडचं. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनाची रीत आली आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. मागचं कारण विचार करण्यासारखं होतं. 'सत्तावीस' ऐकताना सात आधी येतो आणि वीस नंतर, म्हणून लहान मूल ७२ लिहून बसतं. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी जुनी नावं काढलेली नाहीत, हे वारंवार सांगितलं. तरी संताप शमला नाही. मला तो संताप मूर्खपणाचा वाटत नाही आणि समितीचा हेतूही वाईट वाटत नाही. 'एकोणपन्नास' आणि 'त्रेपन्न' हे पालकांच्या लेखी आकडे नव्हते, भाषा होती. 'जुनं राहणार आहे' हा खुलासा पुस्तक हातात पडल्यानंतर आला. तो आधी, शिक्षकांच्या आणि पालकांच्या सभांतून यायला हवा होता. नॉर्वेतही आपल्यासारखंच एकक आधी म्हणत. टेलिफोनचे आकडे सांगताना चुका होत, म्हणून १९५१ मध्ये तिथे शाळा आणि सरकारी व्यवहारासाठी दशक आधी म्हणण्याची पद्धत ठरवली गेली. आज सत्तर वर्षांनंतरही तिथे दोन्ही रीती कानावर पडतात, आणि मुलं गणित शिकतातच.

माझ्या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप येईल, आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. लोकांच्या कलाने जायचं, जुन्याचा आदर करायचा, तर मग अस्पृश्यता कधी गेली असती? विधवांचं केशवपन कधी थांबलं असतं? जुनी ओळखीची व्यवस्था हीच जर कुणाच्या मानेवरचा पाय असेल, तर तिथेही धीर धरायचा का?

नाही. तिथे फरक करावाच लागतो. बदलाचा भार जो सोसतो त्याच्यासाठी माझा आग्रह आहे. दुसऱ्यावरची सत्ता जाईल म्हणून जो कण्हतो, त्याच्यासाठी नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार १९२४ मध्ये तळं खुलं केलं. कागदावर बदल झाला होता, तळ्यावर झाला नव्हता. तो घडवायला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यावं लागलं. त्यांच्यावर हल्ले झाले, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, आणि न्यायालयातला झगडा १९३७ पर्यंत चालला. तिथे विरोध करणाऱ्यांना तळ्याच्या पाण्यात काही गमवायचं नव्हतं. त्यांना दुसऱ्याचा हक्क नको होता. अशा विरोधाला 'सवय' हे सौम्य नाव देणं जितकं चूक, तितकंच पासबुक मागणाऱ्या म्हातारीला 'प्रतिगामी' ठरवणं चूक. दोन्हीकडे एकच शब्द वापरल्यामुळे दोन्हीकडे न्याय चुकतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. टप्प्याटप्प्याने करत बसलं तर काहीच होत नाही, असं म्हणतात. पण दशमान नाण्यांची तारीख पक्की होती आणि ती पाळली गेली. टप्पे म्हणजे टाळाटाळ नव्हे. तारीख जाहीर करणं आणि त्या तारखेपर्यंत माणसाला पोहोचवणं, ही दोन वेगळी कामं आहेत. आज पहिलं काम उत्साहाने होतं आणि दुसरं लोकांवर सोडून दिलं जातं.

म्हणून जे कुणी कार्यालयात, शाळेत, बँकेत, दवाखान्यात, गावात काही नवं आणणार आहेत, त्यांना माझं सांगणं आहे. काय बदलणार हे सांगण्याआधी काय तसंच राहणार ते सांगा. रुपया जागेवर राहिला म्हणून लोकांनी पैसा बदलू दिला. नवं आणि जुनं काही काळ शेजारी चालू द्या, आणि जुनं कधी थांबणार ते आधीच स्पष्ट करा. चूक झाली तर मागे फिरायला वाट ठेवा. पैसे भलतीकडे गेले तर कुणाकडे जायचं हे माहीत नसेल, तर कुठलाही शहाणा माणूस बटण दाबणार नाही. शिकवायला पत्रक पाठवू नका, माणूस पाठवा, आणि जमलं तर शेजारचाच, ज्याला तीच शंका पुन्हा विचारायला संकोच वाटणार नाही. ज्या हातांनी वापरायचं आहे, त्या हातांना आराखड्यातच विचारा, चूल बांधून झाल्यावर नाही. आणि सर्वांत आधी हिशेब मांडा: या बदलाचा फायदा कुणाला, आणि खर्च कुणाला? कर्मचारी वाचतात बँकेचे आणि वेळ, पैसा, मनस्ताप जातो ग्राहकाचा, असं असेल तर त्या ग्राहकाची नाराजी हा मनाचा आजार नाही. ती योग्य तक्रार आहे आणि तिला उत्तर देणं तुमचं काम आहे.

त्या बाईंना पासबुकात एंट्री करून देता आली असती. दोन मिनिटं लागली असती. मग त्याच कर्मचाऱ्याने त्यांच्या नातवाच्या मोबाईलवर तीच एंट्री उघडून दोन्ही आकडे शेजारी दाखवले असते, महिन्याभराने पुन्हा दाखवले असते, तर पासबुक त्यांनी कदाचित आपणहून कपाटात ठेवलं असतं. नसतं ठेवलं, तरी काही बिघडलं नसतं. १९५७ साली एका पैशाच्या नाण्यावर सुद्धा राज्यकर्त्यांनी त्याचा अर्थ कोरून दिला होता. आज बदल घडवणाऱ्यांनी लोकांना दोष देण्याआधी निदान तेवढं तरी करावं.